विझार्डने दिलेल्या व्याख्या आणि पुसला गेलेला पीओ नंबर

ऑर्डरच्या छापील कन्फर्मेशनवर ग्राहकाचा पीओ नंबर (त्याच्या खरेदी आदेशाचा क्रमांक) नव्हता. स्वीकृती चाचणी चालू असताना ऑर्डर विभागातल्या मॅडमनी तो कागद आमच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "काल होता ना हो हा? मी स्वतः बघितला होता." आदल्या दिवशी तो खरंच होता. मधल्या वेळात त्या ऑर्डरवर एकच बदल झाला होता, डिलिव्हरीची तारीख चार दिवस पुढे गेली होती. तारीख बरोबर बदलली, पण पीओ नंबर गायब झाला. लॉगमध्ये चूक नाही, सॅपकडून, म्हणजे कंपनीचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरकडून, आलेला संदेशही यशाचा.

पीओ नंबर नसलेलं बिल बऱ्याच ग्राहकांचा लेखा विभाग स्वीकारतच नाही, त्यामुळे ही बाब किरकोळ नव्हती. पण ती समजायला आम्हाला दोन दिवस लागले, कारण आम्ही शोधायला सुरुवात चुकीच्या ठिकाणी केली. आमचा समज असा होता की डेटा ऑब्जेक्टच्या व्याख्या (कोणती फील्डं, कोणत्या प्रकारची) विझार्डने, म्हणजे त्या आपोआप तयार करून देणाऱ्या साधनाने, थेट सॅपमधून आणल्या आहेत, म्हणजे त्या भागात चूक असणार नाही. व्याख्येत चूक नव्हतीही. त्या व्याख्येकडून आम्ही जी अपेक्षा धरली होती, ती चुकीची होती.

काम काय होतं

औद्योगिक सुटे भाग विकणारी कंपनी. ग्राहक पोर्टलवर ऑर्डर नोंदवतात, आणि ती ऑर्डर सॅपमध्ये उतरायला हवी. आधी माणसं हे करत होती: एका खिडकीत पोर्टल, दुसऱ्या खिडकीत सॅप, बघून टाइप करायचं. त्याऐवजी मध्ये एक इंटिग्रेशन सर्व्हर बसवायचा होता. पोर्टलकडून जेसन या मजकुरी स्वरूपात माहिती येईल, सर्व्हर तिचं रूपांतर करेल आणि सॅपची बापी, म्हणजे बाहेरून बोलावता येणारं सॅपचं तयार फंक्शन, बोलावेल. नवी ऑर्डर तयार करणारी एक बापी, असलेली ऑर्डर बदलणारी दुसरी, आणि केलेलं काम पक्कं करणारी कमिटची तिसरी.

ऑर्डर तयार करणाऱ्या बापीची यादी उघडून बघितली की छाती दडपते. सक्तीचे भाग दोनच, हेडर आणि पार्टनर. पण ऐच्छिक भागांची रांगच लागलेली असते: आयटम, शेड्यूल लाइन, किमतीच्या अटी, मजकूर, क्रेडिट कार्ड, कॉन्फिगरेशन, पत्ते, एक्स्टेन्शन. प्रत्येक भाग म्हणजे एक स्ट्रक्चर (फील्डांचा गट), आणि एकट्या हेडरच्या स्ट्रक्चरमध्येच ढीगभर फील्डं. ही सगळी व्याख्या हाताने एक्सएसडीत (एक्सएमएल माहितीची रचना सांगणाऱ्या फाइलीत) लिहायची तर आठवडे जातील आणि कुठेतरी १० ऐवजी १२ लांबी पडेलच. त्यामुळे विझार्ड वापरायचा हे ठरवायला चर्चा लागली नाही. आज पुन्हा तेच काम आलं तरी मी विझार्डच वापरेन.

विझार्डची चाल बहुतेकांनी पाहिलेली असते. सॅपचा पत्ता, क्लायंट नंबर, युजर आणि पासवर्ड द्यायचा. मग शोधाची चौकट येते, तिथे बापीचं नाव किंवा त्याचा काही भाग टाकायचा. सापडलेल्या यादीतून हव्या त्या निवडायच्या, ऐच्छिक भागांपैकी कोणते हवेत त्यावर खूण करायची, नेमस्पेस आणि फोल्डर द्यायचं, आणि 'फिनिश'. काही क्षणांत प्रत्येक स्ट्रक्चरसाठी एक एक्सएसडी फाइल, वरून सगळ्यांना एकत्र बांधणारं एक ऑब्जेक्ट, सेवेचा इंटरफेस आणि जोडणीची सेटिंग्ज, असं सगळं तयार.

इथे एक व्यवहारातली गोष्ट सांगून ठेवतो. विझार्डला सॅपच्या डेटा डिक्शनरीतून मेटाडेटा, म्हणजे फील्डांबद्दलची माहिती, वाचावा लागतो, म्हणून त्याच्या युजरला जे अधिकार लागतात ते रोजच्या कामाच्या युजरपेक्षा वेगळे असतात. आम्ही सोयीसाठी दोन्हीकडे एकच युजर वापरला आणि सुरक्षा तपासणीत ते लगेच पकडलं गेलं. सुरुवातीलाच दोन वेगळे युजर मागून घ्यावेत.

विझार्डला काय दिसतं

हा सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

सॅपची डेटा डिक्शनरी प्रत्येक फील्डाचा प्रकार, लांबी, दशांश आणि वर्णन सांगते. विझार्ड तेवढं वाचतो आणि एक्सएसडीच्या भाषेत लिहून देतो. ग्राहक क्रमांक म्हणजे १० अक्षरांची स्ट्रिंग. आयटम क्रमांक म्हणजे ६ आकडे, तोही स्ट्रिंगच. यावर आमच्यातल्या एकाने आक्षेप घेतला: आयटम क्रमांक १०, २०, ३० असा असतो, मग इंटिजर का नको? त्याने फाइल उघडून प्रकार बदललासुद्धा. पण सॅपमध्ये हे फील्ड न्यूमसी प्रकाराचं आहे, म्हणजे फक्त आकडे असलेली अक्षरं, आणि १० हा क्रमांक तिथे ००००१० असा राहतो. इथे विझार्ड बरोबर होता आणि माणूस चुकला होता. असे प्रसंग बरेच आले. लांबी, प्रकार, दशांश याबाबतीत विझार्डवर शंका घेण्याआधी एसई११ हा सॅपमधला डिक्शनरीचा पडदा उघडून मूळ व्याख्या बघावी.

मात्र ग्राहक क्रमांकाची गोष्ट उलटी झाली. सॅपच्या पडद्यावर १२३४५ दिसतं, टेबलात असतं ०००००१२३४५ या धर्तीवर पुढे शून्यं भरून १० अक्षरं. पडदा आणि टेबल यांच्यामध्ये अल्फा नावाचं रूपांतर बसलेलं असतं, ते जाता-येता शून्यं लावतं आणि काढतं. बापीला मात्र आतलं रूप अपेक्षित असतं, शून्यांसकट. विझार्डच्या एक्सएसडीत फक्त 'स्ट्रिंग, कमाल लांबी १०' एवढंच आलं. त्या व्याख्येनुसार १२३४५ पूर्ण वैध आहे, सॅपला मात्र असा ग्राहक सापडत नाही. शिवाय सरसकट डावीकडे शून्यं भरणं हेही उत्तर नव्हे, कारण अल्फा फक्त निव्वळ आकडी मूल्यांना शून्यं लावतं. क्रमांकात एखादं अक्षर असेल तर ते मूल्य जसंच्या तसं राहतं. हा नियम आम्ही एका छोट्या फंक्शनमध्ये लिहिला आणि ते ग्राहक व मटेरियल अशा दोन्हींसाठी वापरलं.

तारखेचंही असंच. सॅपमध्ये तारीख ८ अक्षरांची, आणि रिकामी तारीख म्हणजे आठ शून्यं. आमच्या विझार्डने फील्डाला तारखेचा प्रकार दिला होता, आणि आठ शून्यं ही एक्सएमएल स्कीमाच्या लेखी तारीखच नव्हे. ते लवकर सापडलं, सुटलंही.

कमिटने जरा जास्त वेळ खाल्ला. ऑर्डर तयार करणारी बापी बोलावली, उत्तरात ऑर्डर नंबर आला, आम्ही खूश. तो नंबर व्हीए०३ या ऑर्डर बघण्याच्या सॅपच्या पडद्यावर टाकला तर अशी ऑर्डरच नाही. बापी स्वतः डेटा पक्का करत नाही, त्याच सत्रात कमिटची बापी वेगळी बोलवावी लागते, नाहीतर नंबर हातात येतो आणि मागे काहीच राहत नाही. विझार्डमध्ये तिन्ही बापी स्वतंत्र निवडल्या तर तीन स्वतंत्र सेवा तयार होतात आणि प्रत्येकीचं सत्र वेगळं असू शकतं. त्या एका कामाचा भाग आहेत हे निवडतानाच सांगावं लागतं. त्यासाठीचा पर्याय विझार्डमध्ये होता, आम्ही घाईत तो ओलांडून पुढे गेलो होतो. आणखी एक: बापीतली चूक अपवाद (काम तिथेच थांबवणारा इशारा) म्हणून फेकली जात नाही, ती रिटर्न नावाच्या टेबलात 'ई' किंवा 'ए' प्रकारचा संदेश म्हणून येते. व्याख्येत ते टेबल निमूटपणे इतर टेबलांच्या रांगेत बसलेलं असतं. ते वाचलं नाही तर प्रत्येक कॉल यशस्वीच दिसतो.

पीओ नंबर कुठे गेला

आता मूळ प्रश्नाकडे.

ऑर्डर बदलणाऱ्या बापीत प्रत्येक स्ट्रक्चरची जोडी असते. ऑर्डर हेडर इन या स्ट्रक्चरमध्ये नवी मूल्यं, आणि शेजारी ऑर्डर हेडर इनएक्स, ज्यात त्याच नावाची फील्डं पण प्रत्येक एका अक्षराचं. त्या एका अक्षरात 'एक्स' लिहिलं तर सॅपला कळतं की हे फील्ड बदलायचं आहे. लिहिलं नाही, तर मूल्य काहीही असो, सॅप तिकडे बघत नाही. ही जोडी आहे म्हणूनच 'हात लावू नकोस' आणि 'रिकामं कर' या दोन वेगळ्या गोष्टी सांगता येतात. मूल्य रिकामं आणि शेजारी एक्स, याचा अर्थ पुसून टाक.

विझार्डने दोन्ही स्ट्रक्चरं निष्ठेने उतरवली. एकात पीओ नंबर, ठरलेल्या लांबीची स्ट्रिंग. दुसऱ्यात पीओ नंबर, १ अक्षराची स्ट्रिंग. या दोघांचं एकमेकांशी नातं काय, हे व्याख्येत कुठेही नाही, कारण ते डिक्शनरीत नाही. ते बापीच्या आत लिहिलेल्या कोडमध्ये आहे आणि दस्तऐवजात आहे. दोन एक्सएसडी फाइली शेजारी शेजारी ठेवल्या तर नवख्या डोळ्याला त्या एकाच गोष्टीच्या दोन आवृत्त्या वाटतील.

मॅपिंग लिहिणाऱ्या सहकाऱ्याने बदल सुटू नये म्हणून एक मदतनीस फंक्शन लिहिलं होतं: इनएक्स स्ट्रक्चरमधल्या प्रत्येक फील्डात एक्स भर. तारीख बदलल्याचा संदेश आला, हेडरमध्ये तारीख भरली गेली, बाकीची फील्डं रिकामी, आणि शेजारी सगळीकडे एक्स. सॅपने त्याला मिळालेली आज्ञा अक्षरशः पाळली. तारीख बदलली आणि पीओ नंबर पुसला.

हे आम्हाला एसई३७ मध्ये, सॅपच्या फंक्शन चालवून बघण्याच्या पडद्यावर, कळलं. तिथे बापी हाताने चालवली, फक्त तारीख आणि तिच्या शेजारचा एक्स भरला, आणि पीओ नंबर जागेवर राहिला. मग आपल्या सर्व्हरवरून जाणारी माहिती तशीच भरून बघितली आणि पुसला गेला. कुठलंही इंटिग्रेशन अडलं की आधी समोरच्या सिस्टिमच्या घरात जाऊन तीच हाक हाताने मारून बघावी, असं मी तेव्हापासून ठरवलं आहे. आम्ही दोन दिवस आपल्याच कोडमध्ये डोकं घालून बसलो होतो.

दुरुस्ती सोपी वाटली. आमचा सर्व्हर एसडीओ वापरत होता, म्हणजे बीईए आणि आयबीएम यांनी मिळून मांडलेली डेटा ऑब्जेक्टची पद्धत, जी जेएसआर २३५ म्हणून जावा समुदायात आली. एसडीओमध्ये प्रत्येक फील्डाला मूल्य विचारता येतं, आणि शिवाय 'हे फील्ड भरलं गेलं आहे का' असंही वेगळं विचारता येतं. मूल्य नल ('काहीच नाही') असं दिलेलं असणं आणि मूल्य मुळात दिलेलंच नसणं, यात ती फरक करते. सॅपच्या इनएक्सला नेमकं हेच हवं आहे. म्हणून फंक्शन बदललं: जे फील्ड भरलेलं आहे, त्याच्याच शेजारी एक्स.

चाचणी केली. पीओ नंबर पुन्हा गेला.

हा क्षण मला नीट आठवतो, कारण सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता. नियम बरोबर, कोड बरोबर, निकाल तोच. मग एकेक पायरी मागे जात जेसनपर्यंत पोचलो. पोर्टल फक्त बदललेली फील्डं पाठवत होतं, ते ठीक होतं. पण जेसनमधून आपल्या ऑब्जेक्टमध्ये उतरवणारी पायरी न आलेल्या प्रत्येक फील्डात रिकामी स्ट्रिंग भरत होती. ती सवय कुणीतरी जुन्या प्रकल्पातून आणलेली, नलमुळे प्रोग्रॅम पडू नये म्हणून. आणि रिकामी स्ट्रिंग का होईना, एकदा भरली की एसडीओच्या दृष्टीने ते फील्ड भरलेलं असतं. म्हणजे 'दिलं नाही' ही माहिती दारातच मेली होती, पुढे कितीही शहाणं फंक्शन लिहिलं तरी ती परत येणार नव्हती.

ती पायरी काढली. जेसनमध्ये फील्डाचं नावच नसेल तर त्या फील्डाला हात लावायचा नाही, नाव असून मूल्य नल असेल तर ते पुसण्याची विनंती समजायची, असं पोर्टलच्या टीमबरोबर लेखी ठरवलं. त्यानंतर पीओ नंबर राहिला.

आयटमच्या जोडीत आणखी एक खाच होती. तिथल्या इनएक्समध्ये सगळीच फील्डं खुणेची नाहीत. आयटम क्रमांक तिथे खराखुरा क्रमांक म्हणून द्यावा लागतो, म्हणजे कोणत्या ओळीबद्दल बोलतो आहोत ते कळतं, आणि अपडेटफ्लॅगमध्ये आय, यू किंवा डी यांपैकी एक: नवी ओळ, बदल, वगळणं. पहिलं 'सगळीकडे एक्स भर' फंक्शन आयटमवर चाललं असतं तर आयटम क्रमांकातही एक्स गेला असता. सुदैवाने आयटमचे बदल तोपर्यंत सुरू झाले नव्हते.

पुन्हा जनरेट

यातून बाहेर पडताना आम्ही दुसरी चूक केली, आणि ही मला पहिलीपेक्षा जास्त लागली, कारण ती समजून उमजून केली होती. जनरेट झालेल्या एक्सएसडीमध्येच आम्ही सुधारणा केल्या. फील्डांना वाचायला सोपी नावं दिली, न लागणारी फील्डं कापली, इनएक्सच्या खुणा बूलियन (हो/नाही प्रकारच्या) केल्या, तारखेचे प्रकार बदलले. फाइल सुटसुटीत झाली. सगळ्यांना आवडली.

काही महिन्यांनी सॅपची बाजू एस/४हानावर, म्हणजे सॅपच्या नव्या पिढीच्या सॉफ्टवेअरवर, गेली. एस/४हानाच्या १५११ या आवृत्तीत, २०१५ साली, मटेरियल क्रमांकाची लांबी १८ वरून ४० करण्यात आली. जुने कॉल मोडू नयेत म्हणून बापींमध्ये १८ अक्षरांचं जुनं फील्ड तसंच ठेवून शेजारी ४० अक्षरांचं नवं फील्ड दिलेलं आहे. आम्हाला ते नवं फील्ड हवं होतं. विझार्ड पुन्हा चालवला, तोच फोल्डर दिला, आणि हाताने केलेल्या सगळ्या सुधारणा एका 'फिनिश'वर नाहीशा झाल्या. आवृत्ती नियंत्रणात जुन्या फाइली होत्या, पण दोन्हींची तुलना करायला गेलो तर जवळपास प्रत्येक ओळ वेगळी. सॅपने काय बदललं आणि आम्ही काय बदललं होतं, हे वेगळं काढायलाच बरेच दिवस गेले.

त्यावेळी जे ठरवलं ते अजून चालू आहे. विझार्डच्या फाइली एका वेगळ्या मॉड्यूलमध्ये राहतात आणि त्यात कुणी एक स्पेससुद्धा बदलत नाही. त्या फाइली आमच्या मॉडेलचा भाग नाहीत, त्या सॅपच्या आजच्या रूपाची नोंद आहेत. आमची 'ऑर्डर' आणि आमचा 'ऑर्डर बदल' ही दोन ऑब्जेक्टं आम्ही वेगळी, हाताने, आमच्या शब्दांत लिहिली, फक्त लागणाऱ्या फील्डांसह. दोघांमध्ये मॅपिंगचा एकच थर, आणि अल्फाची शून्यं, रिकाम्या तारखा, इनएक्सच्या खुणा, रिटर्न टेबलाची तपासणी, कमिट हे सगळं त्या एका थरात. पोर्टलच्या टीमला सॅपच्या फील्डाचं एकही नाव माहीत असायची गरज नाही.

अर्थात हा जादा थर फुकट मिळत नाही. एक नवं फील्ड आणायचं तर तीन ठिकाणी हात लावावा लागतो, आणि टीममधल्या दोघांना सुरुवातीला तो भार वाटला. दोन-तीन फील्डांची छोटी सेवा असती तर मीही विझार्डचं ऑब्जेक्ट थेट वापरलं असतं. पण इथे अर्थ बापीच्या आत लपलेला होता, आणि तो लिहून ठेवायला स्वतःची जागा हवी होती.

आता विझार्ड चालवला की आधी जुन्या आणि नव्या एक्सएसडीची तुलना होते. हाताचे बदल मध्ये नसल्यामुळे जे वेगळं दिसतं ते फक्त सॅपने बदललेलं असतं. विझार्डमध्ये केलेल्या निवडींचीही एक नोंद ठेवतो: कोणत्या बापी, कोणते ऐच्छिक भाग, तारखेसाठी कोणता पर्याय, तिन्ही बापी एका कामात बांधल्या की नाही. आधी हे फक्त ज्याने पहिल्यांदा विझार्ड चालवला त्याच्या डोक्यात होतं, आणि तो दुसऱ्या प्रकल्पावर गेला होता.

एक जागा अशी राहिली जिथे विझार्ड काहीच करू शकत नाही. कंपनीने ऑर्डरच्या हेडरवर स्वतःची काही फील्डं वाढवली होती, ती बापीच्या एक्स्टेन्शन भागातून पाठवावी लागतात. त्या भागाची रचना अशी: ३० अक्षरांचं स्ट्रक्चरचं नाव आणि त्यापुढे २४० अक्षरांचे चार तुकडे. आपली फील्डं त्या तुकड्यांत ठरलेल्या जागी, ठरलेल्या लांबीत, एकापुढे एक मांडायची. आणि त्यालाही खुणांचं जोडीदार स्ट्रक्चर आहे. विझार्डला तिथे पाच स्ट्रिंग दिसतात, बस. कुठल्या अक्षरापासून कुठल्या अक्षरापर्यंत काय आहे, हे सॅपच्या बाजूच्या सल्लागाराने एसई११ मधून वाचून दाखवलं आणि आम्ही तो तक्ता हाताने लिहिला. आमच्या मॉड्यूलमध्ये सर्वात जास्त चाचण्या आज त्या एका फाइलवर आहेत. सॅपमध्ये त्या स्ट्रक्चरला कुणी हात लावला तर विझार्डच्या तुलनेत काहीच वेगळं दिसणार नाही, म्हणून प्रत्येक रिलीजच्या आधी ती जागा सल्लागाराबरोबर बसून डोळ्यांनी तपासली जाते.